मानाचे सत्तर किलो

डोंगराच्या पायथ्याशी लष्कराचा एक लहानसा तळ होता आणि त्या तळावर दोन हेलिकॉप्टरे होती. हलकी, दोन इंजिनांची. त्यातले एक उडायला तयार असे आणि दुसरे कायम उघडून ठेवलेले असे, पहिल्याला लागेल तो भाग त्यातून काढून घेता यावा म्हणून. खात्याच्या मते तळावर दोन हेलिकॉप्टरे होती, आणि डोळ्यांनी मोजली तरी दोनच भरत. त्यामुळे तिसऱ्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

या हेलिकॉप्टरचे माहितीपत्रक फार देखणे होते. गुळगुळीत कागद, निळे आकाश आणि आकाशात हसणारा वैमानिक. हे यंत्र आठ माणसे नेते, दोन रुग्ण झोपवून नेते, पोटाखाली दोर बांधून जड सामान नेते, अंधारात उडते, तारेने माणूस वर ओढून घेते, बंदुका लावल्या तर लढते, छपराएवढ्या जागेत उतरते, उंच शिखरावर चढते, आणि एक इंजिन बंद पडले तर दुसऱ्यावर घरी येते, असे त्यात लिहिले होते. यातला शब्द न् शब्द खरा होता. हे सगळे एकाच दिवशी करायला सांगू नये, एवढीच त्या बिचाऱ्या यंत्राची अपेक्षा होती. टाकी भरली की माणसे कमी करावी लागत. माणसे भरली की टाकी कमी करावी लागे. आणि डोंगर उंच असला की दोन्ही कमी करावे लागे, कारण वर हवा विरळ होते आणि पात्यांना धरायला काही उरत नाही. पण माहितीपत्रक वाचणारी मंडळी पंख्याखाली बसून वाचत. तिथे हवा भरपूर असते.

म्हणून तळावर खरी सत्ता वजनकाट्याची होती. हँगरच्या दाराशी लोखंडी पाटाचा काटा होता, धान्याच्या गोदामात असतो तसला. चढणारा प्रत्येक माणूस आणि प्रत्येक पेटी आधी त्यावर उभी राही. हा काटा ज्याच्या ताब्यात होता त्या जुन्या सैनिकाला सगळे काटेकाका म्हणत. काही वर्षांपूर्वी खात्यातले एक बडे अधिकारी आले, तेव्हा काटेकाकांनी त्यांना सवयीने काट्यावर उभे केले आणि सवयीनेच आकडा ओरडून सांगितला, कारण आत लिहून घेणाऱ्याला कमी ऐकू यायचे. आकडा हँगरभर घुमला. कोणीतरी हसले. लवकरच वरून आदेश आला की अमुक हुद्द्याच्या पुढच्या व्यक्तींचे वजन करू नये, ते सत्तर किलो धरावे. त्या दिवसापासून बढती मिळाली की माणूस सत्तर किलोचा होऊ लागला. बढतीचा प्रकृतीवर इतका चांगला परिणाम दुसऱ्या कुठल्या खात्यात झाला असेल असे वाटत नाही.

हेलिकॉप्टरला मात्र आदेश वाचता येत नव्हते. तेव्हा काटेकाका आणि तळावरची वैमानिक, जिला सगळे कॅप्टनबाई म्हणत, या दोघांनी एक युक्ती काढली. पाहुण्यांच्या खोलीत जमिनीत एक जादा काटा बसवला, वर गालिचा अंथरला आणि त्यावर एक मऊ, जुना, कोणालाही बसावेसे वाटेल असा सोफा ठेवला. काट्याची तबकडी भिंतीपलीकडे सामानाच्या खोलीत. बडे अधिकारी येत, सोफ्यावर ऐसपैस टेकत, चहा घेत. पलीकडे काटेकाका सोफा वजा करत, कपबशी वजा करत आणि खरा आकडा कॅप्टनबाईंच्या कानात सांगत. तेवढ्या फरकाचे इंधन कमी भरले जाई. आजवर सगळे अधिकारी सुखरूप परतले होते आणि आपण अजूनही सत्तरच आहोत या आनंदात घरी गेले होते.

ही व्यवस्था मोडली ती स्वच्छतेने.

संरक्षण खात्याचे मोठे साहेब तळाला भेट देणार आणि हेलिकॉप्टरची क्षमता स्वतः बसून पाहणार, असे ठरले. वरच्या ठाण्यावर, जिथे बर्फात मूठभर माणसे पहारा करत बसलेली असतात, तिथे जाऊन ते जवानांशी हस्तांदोलन करणार आणि त्याची छायाचित्रे निघणार. तळप्रमुखांनी भिंती रंगवल्या, दगडांना चुना लावला आणि पाहुण्यांच्या खोलीतला तो मळका सोफा बघून त्यांना शरम वाटली. सोफा भंगारात गेला. खिडकीखाली नवा चामड्याचा सोफा आला. जुन्या जागेवर, म्हणजे बरोबर काट्यावर, शोभेच्या झाडाची मोठी कुंडी ठेवण्यात आली. सोफ्याचे गुपित तळप्रमुखांना कोणी सांगितले नव्हते, आणि आता सांगायचे म्हणजे आजवर न सांगितल्याचेही सांगावे लागले असते. भेटीच्या सकाळी काटेकाका सामानाच्या खोलीत गेले, तबकडी बघितली आणि डोक्याला हात लावून बाहेर आले. कुंडीचे वजन मात्र अगदी अचूक कळत होते.

त्याच सकाळी वरच्या ठाण्यावरून वायरलेसवर निरोप आला. रोज निरोप देणारा आवाज काटेकाकांच्या ओळखीचा होता, कारण तो त्यांच्या जावयाचा होता. आज आवाज दुसराच होता.

"वायरलेसवाला आजारी आहे," तो म्हणाला. "रात्रभर खोकतोय. आडवं होता येत नाही. ओठ निळे पडलेत."

तळावरचे डॉक्टर किडकिडीत आणि तरुण होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "उंचीचा आजार. फुप्फुसात पाणी भरतंय. याला एकच औषध, खाली आणणं. आणि तेही आजच. दुपारनंतर खिंडीत ढग भरले की मग कोणी वर जात नाही आणि कोणी खाली येत नाही."

काटेकाकांचा फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, आज वायरलेसवर ते नव्हते म्हणे. मला कोणी काही सांगत नाही. तुम्ही सांगा."

"थोडा खोकला झालाय."

"थोडा खोकला झाला असता तर तुम्ही फोन पहिल्या घंटीला उचलला नसता."

काका म्हणाले, "आज खाली आणतोय त्यांना. संध्याकाळी दवाखान्यात ये आणि भांडायचं असेल तेवढं भांड."

फोन ठेवून ते कॅप्टनबाईंकडे गेले. त्या हेलिकॉप्टरच्या पोटाखाली वाकून काहीतरी तपासत होत्या.

"बाई, आधी एक फेरी जावयासाठी मारू. साहेब नंतर."

"तेच फोनवर सांगून आले, काका. साहेबांचे पीए म्हणाले, कार्यक्रम छापून झालाय. जाताना साहेब, येताना रुग्ण. एका फेरीत दोन कामं, तेवढीच इंधनाची बचत."

"आणि येताना त्यांना बसवायचं कुठे?"

"तेही विचारलं. म्हणाले, आजारी माणसाला कितीशी जागा लागते!"

"तुम्ही सरळ नाही म्हणा ना."

कॅप्टनबाई उभ्या राहिल्या, हात फडक्याला पुसले. "मी नाही म्हटलं की ते यंत्रात बिघाड लिहितील आणि तपासणीला लावतील. मग आज कोणीच उडणार नाही. साहेबही नाही आणि जावईही नाहीत. त्यापेक्षा उडू या. साहेबांचं खरं वजन तेवढं सांगा मला, बाकी मी जमवते."

काटेकाकांनी कुंडीची हकीकत सांगितली. ती ऐकून कॅप्टनबाई पुसलेले हात पुन्हा पुसू लागल्या.

मोठे साहेब आले. दारातून आत शिरले तेव्हा खोलीतला उजेड जरा कमी झाल्यासारखा वाटला. बरोबर त्यांच्या पत्नी, बाईसाहेब, होत्या, साध्या, चटपटीत, डोळ्यांनी सगळे टिपणाऱ्या. शिवाय पीए, एक छायाचित्रकार, आणि हेलिकॉप्टर विकणाऱ्या कंपनीचा माणूस, हातात तेच गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन. साहेब थेट नव्या सोफ्यावर बसले. काटेकाकांनी कुंडी बाजूला सरकवली आणि अदबीने म्हणाले, "साहेब, इथून डोंगर फार छान दिसतो. जरा इकडे उभे राहता?"

"इथूनही दिसतोय," साहेब म्हणाले.

पीए मात्र लगेच येऊन उभे राहिले. काकांनी पलीकडे जाऊन तबकडी पाहिली. बासष्ट किलो. तेवढी कमाई झाली.

आता अंदाजाशिवाय मार्ग नव्हता. काटेकाकांनी साहेबांना समोरून पाहिले, बाजूने पाहिले, चहा देताना जवळून पाहिले. पण आयुष्यभर तबकडी वाचणाऱ्या माणसाची नजर तबकडीवरच तयार होते. "नव्वद धरा," ते कॅप्टनबाईंच्या कानात म्हणाले. कॅप्टनबाईंनी नव्वद धरून इंधन भरले.

सगळे चढले, इंधनाच्या हिशेबात न धरलेले छायाचित्रकार आणि कंपनीचा माणूसही. पुढे कॅप्टनबाई आणि त्यांचा सहवैमानिक, जो बोलत नसे. मागे साहेब, बाईसाहेब, पीए, कंपनीचा माणूस, छायाचित्रकार, डॉक्टर आणि स्ट्रेचर सांभाळायला काटेकाका. प्रत्येकाच्या कानावर बोलायचे यंत्र चढवले होते, कारण पाती फिरू लागली की त्याशिवाय कोणाचे कोणाला ऐकू जात नाही. एक जण बोलला की सगळ्यांच्या कानात बोलतो.

कॅप्टनबाईंनी हेलिकॉप्टर जमिनीपासून हातभर उचलले आणि इंजिनांवरचा ताण दाखवणाऱ्या समोरच्या सुईकडे पाहिले. वर उतरायचे असेल तर इथे ती सुई हिरव्या पट्ट्यात राहायला हवी होती. ती हिरवा पट्टा ओलांडून पिवळाही ओलांडत होती. त्यांनी हेलिकॉप्टर पुन्हा टेकवले.

"काय झालं?" साहेबांचा आवाज सगळ्यांच्या कानात आला.

"जड आहे, साहेब."

"जड कसं? उचललं की आत्ता!" कंपनीचा माणूस म्हणाला. त्याने माहितीपत्रक उघडले. "हे बघा. आठ माणसं."

"इथे उचललं. वर उचलणार नाही. तुमच्या चित्रात डोंगर नाहीये."

"पण हिशेब तर बरोबर आहे," पीए म्हणाले. "साहेब सत्तर..."

कॅप्टनबाई म्हणाल्या, "कोणीतरी उतरायला हवं."

लष्कर असो की कचेरी, कोणीतरी उतरायला हवे असे म्हटले की उतरायची सुरुवात खालून होते. पीएंनी नजर फिरवली. साहेबांबरोबर न आलेले पहिले गृहस्थ म्हणजे डॉक्टर.

"डॉक्टर, तुम्ही राहा. रुग्ण खालीच येणार आहे ना, मग तुम्ही वर जाऊन काय करणार? इथेच तयारीत थांबा."

"अहो, त्याला वाटेत..."

"तयारीत थांबा."

डॉक्टर उतरले. हेलिकॉप्टर उचलले. सुई जराशी सरकली. टेकवले.

"ती टाकी कसली?" पीएंनी विचारले.

"ऑक्सिजन," काटेकाका म्हणाले. "रुग्णासाठी."

"मग ती डॉक्टरांजवळच हवी. द्या त्यांना."

टाकी उतरली. मग स्ट्रेचर उतरले, कारण टाकी नाही आणि डॉक्टर नाही तर स्ट्रेचर कोणासाठी. मग स्ट्रेचर सांभाळायला घेतलेले काटेकाका उतरले. त्यांच्या कानातल्या यंत्राची लांब तार हेलिकॉप्टरला जोडलेली होती, त्यामुळे खाली उभे राहूनही आतले सगळे त्यांना ऐकू येत होते. एका आजारी माणसाला आणायला निघालेल्या हेलिकॉप्टरातून त्या माणसाच्या उपयोगाचे जे जे होते ते सगळे उतरले होते आणि उरले होते ते एक छायाचित्रकार, एक माहितीपत्रक आणि दोघांना पुरेल इतके साहेब.

पाती फिरतच होती. डोंगराच्या कडेला पहिला ढग येऊन बसला. काटेकाकांच्या खिशात फोन थरथरला. त्यांना तो पाहायची गरज नव्हती.

"अजूनही नाही," कॅप्टनबाई म्हणाल्या. "असं आणखी काही वेळ उचल-टेक करत राहिलो तर इंधन संपून आपोआप हलकं होईल म्हणा."

पीएंनी पुन्हा नजर फिरवली. आता खाली कोणी उरले नव्हते, तेव्हा नजर बाजूला वळली.

"बाईसाहेब, तुमची हरकत नसेल तर... वर थंडीही फार असते."

बाईसाहेबांनी मान हलवली, पण पट्टा सोडला नाही. त्यांनी उघड्या दारातून खाली उभ्या असलेल्या काटेकाकांना विचारले, "मी उतरते. मला काय, मी पंचावन्न. पण मी उतरल्यावर उडेल का हो हे?"

आतापर्यंतच्या नोकरीत काटेकाकांनी एकाच बड्या अधिकाऱ्याचा आकडा मोठ्याने ओरडला होता, आणि त्याचा आदेश होऊन परत आला होता.

"सांगता येत नाही, बाईसाहेब. एकाला सोडून सगळ्यांचं वजन मला माहीत आहे."

"कोणाला सोडून?"

"साहेबांचं कागदावर सत्तर आहे."

बाईसाहेब हसल्या. मोठ्याने, अगदी घरातल्यासारख्या.

"सत्तर? अहो, आमच्या लग्नात हे सत्तर नव्हते! कपड्यांचं माप घेणाऱ्याने टेप दोनदा लावला होता. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं तेव्हा एकशे चौदा भरले, आणि हे डॉक्टरांना म्हणतात, काटा बिघडलाय!"

"अगं, सगळे ऐकतायत," साहेब कुजबुजले. ते कुजबुजणेही सगळ्यांच्या कानात स्वच्छ आले.

"ऐकू दे. वरच्या माणसाला श्वास घेता येत नाहीये म्हणे, आणि तुम्ही सत्तर होऊन बसलाय."

कंपनीच्या माणसाने माहितीपत्रक मिटले. छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या काचेवरची नसलेली धूळ पुसू लागला. शेवटी साहेबच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग कमी आणि कुतूहल जास्त होते, "कॅप्टन, पण दोन इंजिनं आहेत ना याला? त्याचेच तर पैसे जास्त मोजलेत आपण."

"आहेत, साहेब. एक बंद पडलं तर दुसरं सगळ्यांना घरी आणतं. पण कागदावरच्या सगळ्यांना. आत्ता जे बसलेत त्यांना नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खिंडीत एक इंजिन गेलं तर दुसरं आपल्याला खाली नेईल. घरी नाही, नुसतं खाली."

साहेबांनी बाहेर पाहिले. किडकिडीत डॉक्टर ऑक्सिजनची टाकी कवेत घेऊन उभे होते, हरवलेल्या मुलाला धरून ठेवल्यासारखे. साहेबांनी पट्टा सोडला. ते उतरताना हेलिकॉप्टरचा एक पाय आधी हलला आणि मग दुसरा, आणि सगळे यंत्र पाण्यातून बाहेर पडल्यासारखे वर आले. उतरल्यावर त्यांनी कोट नीट केला आणि तारेवर स्पष्ट आवाजात सांगितले, "माझी जागा मी रुग्णाला देतो."

"वा!" पीए म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. छायाचित्रकार तो क्षण टिपायला खाली उडी मारून उतरला, त्यामुळे त्याला वेगळे उतरवावे लागले नाही. टाळ्या वाजवायला पीए उतरले आणि त्यांच्या मागून बाईसाहेब. कंपनीचा माणूस बसून होता.

"तुम्हीही," कॅप्टनबाई म्हणाल्या.

"पण आता तर जागाच जागा आहे."

"म्हणूनच. ती तशीच राहू दे."

डॉक्टर चढले, टाकी चढली, स्ट्रेचर चढले. काटेकाकांनी पायरीवर पाय ठेवला आणि कॅप्टनबाईंनी मागे वळून पाहिले.

"काका."

एवढेच म्हणाल्या त्या. काकांचे वजन काकांइतके कोणाला माहीत असणार. ऐंशी किलो वर नेले तर जावयाला घेऊन खिंड ओलांडताना त्या ऐंशीचा हिशेब द्यावा लागला असता. ते पायरीवर तसेच थांबले. मग त्यांनी पाय काढून घेतला, कानातली तार सोडली आणि हात वर करून इशारा केला. हेलिकॉप्टर हातभर उचलले, क्षणभर थांबले आणि नाक खाली करून डोंगराकडे निघाले. सुई कुठे होती ते खालून दिसत नव्हते, पण परत टेकवले नाही त्यावरून समजले.

मग वाट पाहणे सुरू झाले. पीएंना वाट पाहायची सवय नव्हती, त्यांनी लगेच निवेदन लिहायला घेतले. बाईसाहेब काटेकाकांजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"वर कोणी ओळखीचं आहे तुमचं?"

"जावई."

"अगोबाई! आजारी आहेत ते?"

"हो."

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"जावयाचं नाव काढलं असतं तर साहेब म्हणाले असते, घरचं काम काढलंय."

बाईसाहेबांनी नवऱ्याकडे पाहिले. मोठे साहेब लांब, एकटे, डोंगराकडे तोंड करून उभे होते. "म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "कसे आहेत हो जावई?"

"मुलीला विचारा. मला विचाराल तर माणूस चांगला आहे, पण कामाशिवाय बोलत नाही. घरी आला की दिवसभरात चार शब्द. माझी बायको म्हणते, तुम्हीच कुठे बोलता? म्हणून दोघं समोरासमोर बसतो आणि चहा थंड करतो."

खिंडीतला ढग पसरला. डोंगराचा माथा दिसेनासा झाला. काटेकाकांची नजर खिंडीवरून हलेना. पीएंनी निवेदनात 'तत्काळ' हा शब्द खोडून 'तत्क्षणी' केला आणि मोठ्याने वाचून दाखवला. ऐकायला कोणी नव्हते.

आवाज आधी आला. मग ढगाच्या खालच्या कडेला एक ठिपका दिसला, तिरका, दरीला धरून येणारा. काटेकाका उतरायच्या जागेकडे चालू लागले आणि त्यांच्या मागे सगळेच.

पीएंनी तोवर सगळे ठरवून टाकले होते. स्ट्रेचरचे मागचे टोक साहेब धरतील. पुढचे कोणीही. पुढचे टोक काटेकाकांनी धरले. दार उघडले तेव्हा जावई पाठ उंच करून अर्धवट बसवलेला होता. तोंडावर ऑक्सिजन, चेहरा राखेसारखा, पण डोळे उघडे होते. डॉक्टर म्हणाले, "गाडीकडे. लवकर. अजून काही ठरलेलं नाहीये." काय ठरलेले नाही ते त्यांनी सांगितले नाही.

स्ट्रेचर बाहेर आले. मोठ्या साहेबांनी मागचे टोक धरले, छायाचित्रकार समोरून आला, आणि नेमकी पात्यांनी उडवलेली धूळ मध्ये आली.

"थांबा थांबा!" तो ओरडला. "काही आलं नाही. पुन्हा एकदा आत ठेवून बाहेर काढा ना. साहेब, जरा गंभीर."

साहेब थांबले. छायाचित्रासाठी थांबायची त्यांना इतकी सवय होती की त्यांचे पाय आपोआप थांबले. पीए म्हणाले, "पटकन. एक मिनिटाचं काम."

"नाही," काटेकाका म्हणाले.

त्यांनी हे मोठ्याने म्हटले नाही. कोणी ऐकले तरी की नाही कोण जाणे. पण ते निघाले, आणि चालत नव्हे, पळत. स्ट्रेचरचे पुढचे टोक पळाले की मागच्याने काय करायचे हे कुठल्याही आदेशात दिलेले नाही. साहेबांना सोडून देता आले असते. पण सोडले तर स्ट्रेचरवरचा माणूस खाली आदळणार, हे बघण्याइतके ते शुद्धीवर होते. एकशे चौदा किलो सगळ्या बळानिशी पळू लागले. कोट उडाला, टाय खांद्यावर गेला. पीए शेजारून धावत म्हणत होते, "साहेब, द्या, मी धरतो, साहेब!" आणि साहेब एका श्वासात एक शब्द म्हणत होते, "बाजूला... हो... हळू... हळू!" मागे बाईसाहेब पळत होत्या. तोंडावर हात धरला होता. हसू आवरत होत्या की रडू, ते सांगणे कठीण होते.

गाडीत स्ट्रेचर चढले, डॉक्टर चढले, काटेकाका चढले. या गाडीला वजनाची अट नव्हती. दार लागायच्या आधी डॉक्टरांनी चाकाला टेकून धापा टाकणाऱ्या साहेबांकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "तुम्हीही उद्या दाखवायला या." साहेबांनी मान डोलावली. बोलायला श्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी छायाचित्र सगळीकडे छापून आले. जवानाचे प्राण वाचवण्यासाठी आपली जागा सोडून धावत सुटलेले मोठे साहेब. चौकट साहेबांवर नीट बसावी म्हणून डावी बाजू कापली होती, त्यामुळे स्ट्रेचर कोणाच्याही हाताशिवाय पुढून अधांतरी चाललेले दिसत होते. खाली लिहिले होते की या प्रसंगाने हलक्या, दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरची रुग्णवहनाची क्षमता पूर्णपणे सिद्ध झाली. कंपनीच्या माणसाने ते कात्रण माहितीपत्रकाच्या पुढच्या आवृत्तीसाठी मागून नेले.

दवाखान्यात मुलगी खाटेजवळ बसली होती. भांडायला आली होती ती आल्याबरोबर रडली आणि मग भांडायचे राहूनच गेले. डॉक्टरांनी सकाळी छाती ऐकली होती आणि आता ठरलेय असे सांगितले होते. तिने वर्तमानपत्र उलगडून वडिलांसमोर धरले.

"बाबा, बघा तरी, किती धावलेत साहेब! त्यांचे आभार मानायला जायला हवं आपण."

"जाऊ," काटेकाका म्हणाले.

"तुम्ही कुठे होतात तेव्हा? दिसत नाही यात."

"असेन इकडेतिकडे."

खाटेवरून जावयाने तोंडावरचा मुखवटा जरा बाजूला केला. आवाज फुटत नव्हता, पण त्याला सांगायचे होते.

"साहेब मागून ओरडत होते," तो म्हणाला. "हळू, हळू म्हणून." दम घेतला. "बाबा पुढे होते. ते काही म्हणाले नाहीत. नुसते पळत होते."